संकोच बाजूला ठेवून : स्तन-उन्नयन शस्त्रक्रियेविषयी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

खारघर रेल्वे स्थानकातून बाहेर पडून उत्सव चौकाच्या दिशेने निघाले, की दुतर्फा व्यापारी संकुलांच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर त्वचा, केस आणि सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. उत्सव चौक ओलांडून पुढे सेक्टर २२ कडे गेले, की टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक' लागते. तेथे सकाळपासून दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तपासणीच्या कागदांच्या फायली छातीशी धरून बसलेले असतात. एकाच उपनगरात, काही मिनिटांच्या अंतरावर, स्त्रीच्या स्तनांवर दोन अगदी निराळ्या हेतूंनी विचार होत असतो. एका ठिकाणी प्रश्न रूपाचा असतो, दुसऱ्या ठिकाणी प्राणाचा.

या दोन्ही ठिकाणी पोहोचणाऱ्या स्त्रियांमध्ये एक गोष्ट मात्र समान असते. दोघींनीही घरात हा विषय बोलण्यासाठी बहुधा फार वाट पाहिलेली असते. व्यापारी कुटुंबांत मालाचा भाव, उधारी, मुलांचे शिक्षण, मुलीचे स्थळ या सर्वांवर पंगतीत बसून चर्चा होते. स्तन हा शब्द मात्र तेथे उच्चारला जात नाही. सासूबाई सुनेला सांगत नाहीत, सून नणंदेला विचारत नाही, आणि पती-पत्नींमध्येही तो विषय अर्ध्या वाक्यावर थांबतो. परिणामी माहितीची जागा जाहिराती घेतात. 'ब्रेस्ट लिफ्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी आज अनेकींच्या मनात कुतूहल आहे. म्हणूनच ती काय आहे, काय नाही आणि तिच्याआधी काय करावयास हवे, हे शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

वैद्यकशास्त्रात या शस्त्रक्रियेला मास्टोपेक्सी म्हणतात. मराठीत तिला स्तन-उन्नयन म्हणता येईल. स्तनामध्ये स्नायू नसतो. दुग्धग्रंथी, मेद, त्यांना आधार देणारे तंतू आणि वरची त्वचा मिळून स्तन घडतो. या आधारतंतूंचे वर्णन इंग्रज शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये केले, म्हणून ते आजही कूपरचे तंतू या नावाने ओळखले जातात. वय, गर्भारपण, वजनाची चढउतार आणि धूम्रपान यांमुळे त्वचेची लवचीकता कमी होते, तंतू सैल पडतात आणि स्तन खाली ओघळतात. हा आजार नाही. केस पिकणे किंवा डोळ्यांखाली सुरकुत्या पडणे यांसारखाच तो शरीराचा स्वाभाविक बदल आहे.

याबाबत दोन गैरसमज घरोघरी आढळतात. पहिला असा, की बाळाला अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वय, शरीराचे वजन, गर्भारपणांची संख्या, मूळचा आकार आणि धूम्रपान ही कारणे ठळकपणे दिसली. स्तनपान हे स्वतंत्र कारण ठरले नाही. तेव्हा आकार बिघडेल या भीतीने कोणत्याही आईने बाळाला दुधापासून वंचित ठेवू नये. दुसरा गैरसमज असा, की व्यायामाने किंवा मलमाने स्तन पुन्हा वर येतात. व्यायामाने स्तनाखालचा छातीचा स्नायू बळकट होतो, पण सैल झालेली त्वचा त्यामुळे आखडत नाही. मलमे आणि तेले त्वचा मऊ करतात, स्तन उचलू शकत नाहीत.

शस्त्रक्रियेत जास्तीची त्वचा काढून टाकतात, आतील ऊतींना नवा आकार देतात आणि स्तनाग्र वरच्या जागी आणतात. स्तन किती ओघळला आहे हे ठरविण्यासाठी कॅनडातील शल्यचिकित्सक पॉला रेग्नो यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरात आहे. स्तनाखालच्या घडीच्या तुलनेत स्तनाग्र कोठे आहे, यावरून तीन पायऱ्या ठरतात. पायरी जितकी पुढची, तितकी चीर मोठी. सौम्य ओघळ असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने चीर पुरते. मध्यम ओघळ असेल तर तेथून खाली उभी चीर घ्यावी लागते. बराच ओघळ असेल तर उभ्या चिरेच्या टोकाशी, स्तनाखालच्या घडीत, आडवी चीरही जोडावी लागते. शस्त्रक्रिया साधारणतः पूर्ण भूल देऊन केली जाते आणि तिला दोन ते तीन तास लागतात.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. उन्नयनाने जागा बदलते, भर वाढत नाही. वरचा भाग भरलेला दिसावा अशी अपेक्षा असेल, तर ती केवळ या शस्त्रक्रियेने पूर्ण होत नाही. त्यासाठी कृत्रिम रोपण बसविण्याचा वेगळा पर्याय डॉक्टर सुचवितात आणि त्याचे धोके व पुढील देखभालही वेगळी असते. शिवाय हा परिणाम कायमचा नसतो. वय पुढे सरकतच राहते आणि वजन पुन्हा वाढले किंवा घटले तर त्वचा पुन्हा सैल होते.

कोणी, केव्हा आणि कोणत्या धोक्यांसह

पुढे अपत्य हवे असेल, तर ही शस्त्रक्रिया बाळंतपणे पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकणे शहाणपणाचे असते. गर्भारपणात आकार पुन्हा बदलतो, आणि शस्त्रक्रियेत काही दुग्धवाहिन्या बाधित झाल्यास पुढच्या बाळाला पाजण्यात अडचण येऊ शकते. वजन काही महिने स्थिर असणे हीदेखील महत्त्वाची अट आहे. येथे जैन घरांतील एक विशेष बाब शल्यचिकित्सकाला आवर्जून सांगितली पाहिजे. वर्षीतपासारखे दीर्घ तप चालू असेल किंवा नुकतेच पारणे झाले असेल, तर वजनात मोठा फरक पडलेला असतो. अशा वेळी वजन स्थिरावेपर्यंत थांबावे, अन्यथा आज मोजूनमापून केलेले काम सहा महिन्यांनी बेमाप ठरते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, आई किंवा बहिणीला झालेला स्तनाचा कर्करोग, यांपैकी काहीही लपवू नये. तंबाखू कोणत्याही रूपात असो, सिगारेट असो वा मिश्री, त्यातील निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जखम भरण्यास लागणारा रक्तपुरवठा त्यामुळे घटतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद करण्यास सांगितले जाते, ते याच कारणाने.

धोक्यांची यादी जाहिरातीत नसते, म्हणून ती येथे द्यावयास हवी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणे, दोन्ही बाजूंत थोडा फरक राहणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे किंवा क्वचित कायमची जाणे, हे संभाव्य परिणाम आहेत. अगदी विरळा, पण सर्वांत गंभीर, म्हणजे रक्तपुरवठा तुटून स्तनाग्राचा भाग मृत होणे. वण तर राहतातच. ते काही महिने लालसर व जाडसर दिसतात आणि वर्षभराच्या सुमारास फिके होतात. सावळ्या त्वचेत उंचवटा येणारे वण होण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर किंवा जुन्या टाक्यांवर ज्यांना असा उंचवटा आला आहे, त्यांनी ते आधीच सांगावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आधार देणारे विशेष अंतर्वस्त्र वापरावे लागते, आणि चार ते सहा आठवडे जड उचलणे, वाकून कपडे धुणे, वरच्या फळीवरचे डबे काढणे टाळावे लागते. एकत्र कुटुंबात हे शक्य व्हावयाचे असेल, तर घरातील इतरांना कारण माहीत असणे भाग आहे. गुपचूप केलेली शस्त्रक्रिया आणि विश्रांती या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

उन्नयनाच्या आधी तपासणी

या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब येथे येते. वयामुळे येणारा ओघळ हळूहळू येतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना येतो. दोन्ही स्तन मुळातच तंतोतंत सारखे नसतात, हेही खरे. पण एकाच बाजूला नव्याने झालेला बदल वयाच्या माथी मारू नये. न दुखणारी गाठ, काखेतील गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, संत्र्याच्या सालीसारखी खळगेदार झालेली त्वचा किंवा बरा न होणारा व्रण, यांपैकी काहीही दिसले, तर प्रथम कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी व्हावी. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ते ठरविण्याचे काम रुग्णाचे नाही, डॉक्टरांचे आहे. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा समज तर विशेष घातक आहे.

म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची मॅमोग्राफी झाल्याशिवाय जबाबदार शल्यचिकित्सक उन्नयनाची तारीख देत नाही. तरुण वयात सोनोग्राफी अधिक उपयोगी ठरते. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविल्या जातील ना, हेही विचारावे, कारण बाहेरून न जाणवलेला रोग कधी कधी तेथे सापडतो. नंतर आतील रचना व वण यांमुळे चित्र बदलते. पुढच्या मॅमोग्राफीच्या वेळी ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगणे आणि जुनी चित्रे जपून ठेवणे त्यासाठी गरजेचे आहे.

तपासणी खर्चिक असावीच लागते असेही नाही, हे मुंबईनेच जगाला दाखवून दिले आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी, स्तनांची तपासणी केली. असे चार फेरे झाले आणि त्यानंतर या स्त्रियांवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्यात आले. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या अवस्थेतील कर्करोगाचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मृत्यूंमधील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. मात्र पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये स्तन-कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत, फक्त शिकलेले हात आणि ठरावीक वेळ.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची अशी हस्ततपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत व्हावयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तन-कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. हे आकडे भयभीत करण्यासाठी नाहीत. रूपासाठी डॉक्टरांकडे जाण्याचे धाडस ज्या स्त्रीने केले, तिने त्याच पावली तपासणीही करून घ्यावी, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

खारघरचे केंद्र आणि एका कौशल्याचे दोन उपयोग

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५२ मध्ये विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच परंपरेतील संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरच्या विस्तीर्ण परिसरात आली आणि ॲक्ट्रेक, म्हणजे कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षण यांचे प्रगत केंद्र, आकारास आले. ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, या परिसरातील महिला व बाल कर्करोग रुग्णालयाची इमारत राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पनवेल तालुक्यातील या उपनगराला एरवी लोक सेंट्रल पार्क आणि पांडवकड्याच्या धबधब्यामुळे ओळखतात. देशभरातील हजारो कुटुंबांना मात्र खारघर हे नाव या केंद्रामुळे माहीत झाले आहे.

स्तन-कर्करोग म्हणजे स्तन गमावणे, हे समीकरण अनेक घरांत अजून पक्के आहे, आणि गाठ लपविण्यामागे ते एक मोठे कारण असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे अनेक दशके ते खरेही होते. संपूर्ण स्तन आणि त्याखालचे स्नायू काढून टाकणे हाच तेव्हाचा मान्य उपचार होता. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी त्याला आव्हान दिले. योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ व तिच्या भोवतालचा भाग काढून किरणोपचार दिले, तरी आयुर्मानात उणेपणा येत नाही, हे दोघांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ मध्ये सिद्ध झाले. याचा लाभ लवकर आलेल्या रुग्णाला सर्वाधिक मिळतो. गाठ जितकी लहान, तितका स्तन वाचण्याचा संभव अधिक.

येथेच उन्नयनाचे कौशल्य कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत येते. गाठ काढल्यावर उरलेला खड्डा भरून काढण्यासाठी आणि स्तनाला पुन्हा नीट आकार देण्यासाठी शल्यचिकित्सक उन्नयनाच्या व आकार लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतील त्याच चिरा, तीच मापे वापरतात. गरज भासल्यास दुसऱ्या, निरोगी बाजूचेही उन्नयन करून दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात. कर्करोग व आकार या दोहोंचा एकत्र विचार करणाऱ्या या शाखेला ऑन्कोप्लास्टी म्हणतात, आणि ती १९९० च्या दशकात युरोपात रुजून पुढे जगभर पसरली. जाहिरातीत जे कौशल्य चैनीचे वाटते, तेच रुग्णालयात एखाद्या स्त्रीला आरशासमोर पुन्हा निर्धास्त उभे राहण्याचे बळ देते.

प्लास्टिक सर्जरीचा महाराष्ट्रातील इतिहासही याच हेतूची साक्ष देतो. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्यातील एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याचा सचित्र वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यचिकित्सक ती पद्धत शिकले. गमावलेले परत मिळवून देणे, हा या शास्त्राचा मूळ धर्म आहे.

आहार, व्रते आणि औषधे

शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. मूग, तूर, हरभरा, उडीद, दूध, दही आणि पनीर यांतून ती शाकाहारी व कंदमूळवर्ज्य आहारातही पुरेशी मिळू शकतात. मात्र पर्युषण किंवा आयंबिलाची ओळी यांच्या लगत शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. चौविहार पाळणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. पुष्कळ औषधे दिवसातून दोनदा द्यावयाची असतात, आणि शक्य असेल तेथे डॉक्टर त्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवून देऊ शकतात. स्वतःच्या मनाने डोस चुकविणे मात्र अपायकारक आहे.

प्राणिजन्य पदार्थांविषयीही आधी विचारणे योग्य. कॅटगट नावाचा जुना धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो. आपोआप विरघळणारे कृत्रिम धागे आज सर्रास उपलब्ध आहेत. पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते, तेथे गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय मागता येतो. रक्ताची गुठळी टाळण्यासाठी वापरले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. या गोष्टी शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी बोलल्या, तर बहुधा मार्ग निघतो. तातडीच्या क्षणी प्राणरक्षक औषध नाकारण्याची वेळ मात्र कोणी आणू नये.

खर्च, विमा आणि कर

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उन्नयनाचा खर्च आरोग्य विम्यात मिळत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या अपवाद कलमानुसार रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी संरक्षणाबाहेर आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार, यांना मात्र ते कलम लागू होत नाही. कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करावयाची असेल, तर पॉलिसीतील हे कलम वाचून कंपनीची लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. सौंदर्याची शस्त्रक्रिया 'गाठ काढली' असे दाखवून दावा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा. खोट्या दाव्याने पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि खरी गरज पडेल त्या दिवशी कुटुंब उघडे पडते.

वस्तू व सेवा कराचीही येथे दखल घ्यावी. आरोग्यसेवा सामान्यतः या करातून मुक्त आहे. २०१७ च्या अधिसूचनेतील आरोग्यसेवेच्या व्याख्येतून मात्र केस रोपण आणि कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी वगळण्यात आली आहे. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बाधित झालेल्या शरीराच्या पुनर्रचनेला सूट कायम आहे. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर मात्र कर लागतो. दवाखान्याने सांगितलेल्या रकमेत तो धरला आहे किंवा नाही, हे आधीच विचारावे. हा खर्च वैयक्तिक आहे. पेढीच्या हिशेबात तो टाकणे नियमबाह्य ठरते, आणि त्यावरील कराची वजावटही पेढीला घेता येत नाही.

'पॅकेज' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रकमेत शल्यचिकित्सकाचे व भूलतज्ज्ञाचे मानधन, शस्त्रक्रियागृह, खोली, तपासण्या, औषधे, अंतर्वस्त्र आणि पुढील भेटी यांतील काय समाविष्ट आहे, याचा लेखी तपशील घ्यावा. काही बिघाड होऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास तिचा खर्च कोणाचा, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयाचा असतो आणि तोच सहसा विसरला जातो. सुलभ हप्त्यांच्या आमिषाला भुलून घेतलेले कर्ज हे शेवटी वैयक्तिक कर्जच असते. त्याचा वार्षिक व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचा आकार पाहिल्याशिवाय सही करू नये. दुसरीकडे, प्रतिबंधक आरोग्य तपासणीवर केलेल्या खर्चाला प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत, आरोग्य विम्याच्या एकूण मर्यादेच्या आत, वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मॅमोग्राफीची पावती म्हणून जपून ठेवावी.

सही कोणाची

शल्यचिकित्सक निवडताना पाटीपेक्षा पदवी पाहावी. सामान्य शल्यचिकित्सेनंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, या दोन गोष्टी विचारण्यात कसलाही अविनय नाही. जेथे भूलतज्ज्ञ, अतिदक्षतेची सोय आणि नोंदणीकृत रुग्णालय नाही, तेथे पूर्ण भुलीची शस्त्रक्रिया करून घेऊ नये. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

संमतीविषयी त्याच न्यायालयाचा २००८ चा निर्णय प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. त्या प्रकरणात एका स्त्रीला तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची परवानगी घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. सज्ञान आणि समर्थ स्त्रीच्या शरीराबाबत तिची स्वतःची संमती हवी, तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसताना नातेवाइकाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. स्तनाच्या शस्त्रक्रियेला हे तंतोतंत लागू पडते. पतीच्या आग्रहाने, मैत्रिणीच्या टोमण्याने किंवा आगामी लग्नकार्यातील छायाचित्रांसाठी म्हणून कोणीही चीर घेऊ नये. तसेच एखादीने पूर्ण विचारांती, स्वतःच्या समाधानासाठी तो निर्णय घेतला, तर तिला उथळ ठरविण्याचा अधिकार कुटुंबाला नाही. बराच ओघळ असलेल्या स्त्रीला स्तनाखालच्या घडीतील घाम, पुरळ यांचा त्रास वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसावा लागतो, हे घरातील पुरुषांना बहुधा ठाऊकही नसते.

व्यापारी घरांत दिवाळीला नव्या वह्या पूजेला मांडल्या जातात, पण त्याआधी जुने खाते तपासून घेतले जाते. शरीराबाबत हाच क्रम राखावा. आधी तपासणी, मग विचार, मग लेखी माहिती, आणि सर्वांत शेवटी सही. या क्रमाची सुरुवात दवाखान्यात होत नाही, घरात होते. पन्नाशी उलटलेल्या सासूबाईंनी एखाद्या दुपारी सुनेला सहज विचारावे, की मी तपासून घ्यावयास जाणार आहे, तू बरोबर येतेस का. एवढ्या एका वाक्याने दोघींची तपासणी होईल, आणि पुढे घरातील कोणत्याही मुलीला हा शब्द उच्चारण्यास अडखळावे लागणार नाही.